हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

थोर पुरुषाचे चरित्र हाती आले म्हणजे त्याच्या बायकोचे नाव कोणत्या पानावर येते आणि कोणत्या पानानंतर नाहीसे होते, इकडे लक्ष ठेवण्याची एक खोड आम्हांस पुष्कळ दिवसांपासून लागलेली आहे. ही खोड सुखाची नव्हे. तिच्यापायी कितीतरी चांगल्या पुस्तकांची गोडी आम्ही आमच्या हाताने घालविली आहे. परंतु आज ज्या प्रश्नावर लिहावयास बसलो आहो तो या खोडीतूनच निघाला असल्यामुळे तिचा उल्लेख प्रारंभीच केलेला बरा. प्रश्न असा, की दरिद्री व परक्या देशात धर्मप्रसारासाठी गेलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या ज्या मनोव्यथांचे वर्णन आपण वाचतो, त्या खरोखर कोणी सोसल्या? आणि ज्याला आपण त्याग या भारदस्त नावाने गौरवितो, त्यातील किती भाग त्याग करणाराच्या स्वतःच्या मालकीचा होता?

मिशनऱ्यांविषयी आपल्याकडे दोन प्रकारचे वाङ्मय आहे. एकात ते देवदूत असतात; दुसऱ्यात ते पलटणींच्या मागोमाग आलेले बाटवाबाटवीचे व्यापारी असतात. या दोन्ही पक्षांचे एकमेकांशी हाडवैर असले तरी एका गोष्टीत त्यांचे बेमालूम एकमत आहे. मिशनरी हा हाडामांसाचा मनुष्य होता, त्याला घर होते, त्या घरात रात्री कोणीतरी रडत होते, ही गोष्ट दोघांनाही अडचणीची वाटते. देवदूताला संसार शोभत नाही आणि व्यापाऱ्याला अश्रू शोभत नाहीत. आम्हांस या दोन्ही पक्षांशी भांडावयाचे आहे, व त्यासाठी ज्याचे उपकार मराठी भाषेवर आहेत अशाच एका मिशनऱ्याचे घर आम्ही निवडले आहे.

विल्यम केरी हे नाव मराठी वाचकांस अपरिचित नाही. १८०५ साली श्रीरामपूर येथील छापखान्यातून त्याचे मराठी भाषेचे व्याकरण बाहेर पडले. १८१० साली मोडी अक्षरांत छापलेला त्याचा मराठी कोश निघाला. वैजनाथ नावाच्या पंडिताचे त्याला या कामी साहाय्य होते. (हे श्रीरामपूर म्हणजे कलकत्त्याजवळचे, त्या वेळी डेन्मार्कच्या अंमलाखाली असलेले, आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे.) पुढे सिंहासनबत्तिशी, हितोपदेश इत्यादी मराठी पुस्तके त्याच छापखान्यात छापली गेली. मूळचा जोडे शिवणारा हा कारागीर पुढे बॅप्टिस्ट पंथाचा उपदेशक झाला, बंगालीचा व संस्कृतचा अध्यापक झाला, आणि सतीच्या चालीविरुद्ध त्याने वर्षानुवर्षे खटपट केली. अशा पुरुषाविषयी आमच्या मनात आदरच आहे. खालील मजकूर वाचताना वाचकांनी हे विसरू नये, कारण ज्याच्याविषयी अनादर आहे त्याच्या घरात डोकावण्याचे आम्हांस कारणच काय?

१७८१ साली, वयाची विशीही पुरी झाली नव्हती तेव्हा, केरीने पिडिंग्टन गावच्या देवळात डोरोथी प्लॅकेट हिच्याशी लग्न केले. ती त्याच्याहून पाचसहा वर्षांनी मोठी होती. तिला लिहिता येत नव्हते. विवाहाच्या नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली केली. पुढे ज्याच्या हाताखालून अनेक भाषांची व्याकरणे व भाषांतरे छापून निघाली त्याच्या बायकोची ही फुली आम्हांस फार बोलकी वाटते. नवऱ्याच्या रोजनिश्या आहेत, पत्रे आहेत, त्याच्या सहकाऱ्यांच्या वह्या आहेत; बायकोच्या बाजूला मात्र ती फुली. तिच्याविषयी आपणांस जे काही माहीत आहे ते जवळजवळ सारे पुरुषांनी लिहिलेले आहे, आणि त्यातील बहुतेकांना तिची अडचण झालेली होती.

२ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावी जमलेल्या काही उपदेशकांनी मिशन-संस्था स्थापन केली व आपसांत वर्गणी जमविली. ती भरली १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. एवढ्या भांडवलावर हिंदुस्थानास धर्म सांगावयास निघालेल्या माणसांच्या श्रद्धेचे आम्ही खरोखरच कौतुक करतो. पुढच्या वर्षाच्या आरंभी केरीचे जाणे ठरले. त्याच्या मित्रमंडळींत एक दृष्टान्त प्रसिद्ध झाला, की केरी खोल खाणीत उतरतो आहे आणि आम्ही वर दोर धरून उभे आहो. दृष्टान्त सुंदर आहे. मात्र त्या दोराला दोन माणसे बांधली जाणार होती, आणि दुसऱ्या माणसाला कोणी विचारले नव्हते.

विचारले तेव्हा त्या माणसाने ‘नाही’ म्हटले. डोरोथी त्या वेळी गरोदर होती. तीन मुलगे हाताशी होते, दोन मुली लहानपणीच मातीस दिलेल्या होत्या. फ्रान्सने इंग्लंडविरुद्ध नुकतेच युद्ध पुकारले होते, म्हणजे समुद्रावरचा प्रवास दुप्पट धोक्याचा झाला होता. अशा स्थितीत पाच महिन्यांच्या जलप्रवासाला आणि मरेपर्यंतच्या परदेशवासाला जी बाई नकार देते तिला भित्री, अडाणी अथवा अश्रद्ध म्हणावयाचे की शहाणी म्हणावयाचे, हे आमच्या वाचक भगिनींनीच ठरवावे. केरीने काय केले? तो आठ वर्षांच्या फीलिक्सला बरोबर घेऊन तिच्याशिवाय निघाला.

योगायोग असा, की कंपनी सरकारच्या परवान्यावाचून मिशनऱ्यांना नेण्यास जहाजाचा कप्तान कचरला व त्याने त्यांना वाटेतच उतरविले. तेवढ्या अवधीत इकडे डोरोथी बाळंत झाली होती. केरी व त्याचा सोबती जॉन टॉमस हे दुसऱ्या जहाजाची व्यवस्था करता करता तिच्याकडे पुन्हा आले. तिने पुन्हा नकार दिला. दोघे परत फिरले. तेव्हा टॉमस एकटाच माघारी गेला आणि त्याने तिला सांगितले, की या वेळी तू आली नाहीस तर तुझे कुटुंब कायमचे दुभंगेल व जन्मभर तुला पश्चात्ताप करावा लागेल. या धाकाने ती हबकली व कबूल झाली. हे आम्ही तर्काने लिहीत नाही. टॉमसने स्वतःच आपल्या विजयाची ही कथा लिहून ठेवली आहे. तिने एकच अट घातली: बहीण किटी बरोबर येत असेल तर येते. बहीण तयार झाली. एका दिवसाच्या आत घर आवरावयाचे, सामान विकावयाचे, आणि महिनाभराचे मूल छातीशी धरून निघावयाचे! १३ जून १७९३ रोजी डेन्मार्कच्या एका जहाजातून ही मंडळी निघाली व नोव्हेंबरात कलकत्त्यास पोहोचली.

यालाच चरित्रकार संमती म्हणतात. आपल्याकडे नवऱ्या मुलीला पाटावर बसवून ‘तिची काही हरकत नाही’ असे म्हणण्याची जी पद्धत होती, तिच्याहून ही संमती फारशी निराळी होती असे आम्हांस वाटत नाही.

कलकत्त्यास आल्यावर टॉमसच्या हातून पैसा भराभर संपला. परक्या गावात, नवऱ्याला भाषा येत नाही, जवळ दमडी नाही, आणि स्वतः डोरोथी व थोरला मुलगा रक्ताच्या आवेने अंथरुणास खिळलेली, अशा स्थितीत त्यांनी जागेवरून जागा बदलल्या. शेवटी सुंदरबनाच्या कडेला देभाटा येथे मिठाच्या खात्यातील शॉर्ट नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना आपल्या बंगल्यात थारा दिला. थोड्याच दिवसांत मालद्याजवळ मदनावती येथील निळीच्या कारखान्यावर केरीला नोकरी मिळाली व कुटुंब तिकडे निघाले. किटी मात्र निघाली नाही. तिचे शॉर्टशी लग्न ठरले होते. तिला कोण दोष देईल? पण डोरोथीने घातलेली एकुलती एक अट वर्षाच्या आत अशी गळून पडली.

मदनावतीस १७९४ च्या ऑक्टोबरात पाच वर्षांचा पीटर तापाने गेला. बाप स्वतः तापातून उठलेला. प्रेताला पेटी करावयास कोणी मिळेना. खड्डा खणावयास कोणी मिळेना. विटाळाची आणि जातिबहिष्काराची भीती सगळ्यांना. अखेर चार मुसलमान, एकमेकांच्या आधाराने, कबूल झाले आणि त्यांनी खड्डा खणला. व त्यासाठी त्यांच्याच गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले. या प्रसंगाकडे ‘पाहा, हे हिंदुस्थानचे लोक किती निर्दय’ अशा बोटाने दाखविण्याची चाल मिशनच्या पुस्तकांत आहे. ती आम्हांस मान्य नाही. निळीच्या कारखान्यावरची ती माणसे स्वतःच अर्धपोटी होती. जातीबाहेर पडणे म्हणजे त्यांना दुसऱ्या दिवशीचा घास गमावणे होते. तथापि एका आईला या समाजशास्त्राचा काय उपयोग? तिच्यापुरते पाहिले तर ज्या देशात तिला धाक घालून आणले त्या देशात तिच्या मुलाला चार हात जमीनही कोणी सुखाने खणून देईना.

दरिद्री देशातल्या मिशनकार्याची म्हणून जी खास मनोव्यथा आहे, ती नेमकी येथे आहे असे आम्ही समजतो. घरच्या दुःखाला गावाकडे शेजार असतो, देऊळ असते, भाषा असते. येथे शेजारी स्वतःच भुकेला आणि भ्यालेला. त्याच्यापुढे आपले दुःख सांगावयाचे तर त्याचे दुःख आपल्या दसपट. एका पत्राचे उत्तर यावयास वर्ष लोटे. केरीला निदान आपल्या कामाचा आसरा होता. तो सकाळी निळीचे हौद पाही, दुपारी पंडिताजवळ बसे, संध्याकाळी खेड्यांतून उपदेश करी. ऐकणारा एकही मनुष्य सात वर्षांत ख्रिस्ती झाला नाही, हे त्याचे दुःख होते आणि ते मोठेच होते. पण ते त्याने स्वतः पत्करलेले होते. डोरोथीला कसला आसरा होता?

१७९५ पासून तिच्या बुद्धीला भ्रंश झाला. नवरा परस्त्रियांच्या नादी लागला आहे असा एकच ध्यास तिने घेतला. ती त्याच्या मागोमाग रस्त्याने जाई, लोकांदेखत शिव्या देई. त्याच्या जिवावर उठण्यापर्यंत मजल गेली. केरीने हे दुःख आपल्या बहिणींना खाजगी पत्रांतून कळविले. १७९६ च्या आरंभी, याच स्थितीत, तिला आणखी एक मुलगा झाला. या वाक्यापुढे आम्ही बराच वेळ थांबलो होतो. चरित्रकार थांबलेले दिसत नाहीत.

१८०० च्या जानेवारीत सारे श्रीरामपुरास आले. तेथे आधीच येऊन पोहोचलेल्या हॅना मार्शमनने केरीच्या मुलांची दशा पाहिली व त्यांची आई होण्याचे काम आपल्या अंगावर घेतले. खरी आई कुलपाच्या आड होती. तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे असा सल्ला केरीला मिळाला होता. तो त्याने मानला नाही, असे त्याचे चरित्रकार सांगतात, आणि त्या काळची वेड्यांची इस्पितळे कशी असत हे ध्यानी घेता याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. शेजारच्या खोलीत तिचा आरडाओरडा चालू असता केरी भाषांतराच्या कामात गढलेला असे. हे चित्र मिशन-वाङ्मयात मोठ्या अभिमानाने रंगविलेले आढळते. काय ही एकाग्रता! काय हे धैर्य! खरेच आहे, एकाग्रता असामान्य होती. परंतु त्या चित्रात भिंतीच्या अलीकडचाच मनुष्य आहे. आमचे १८०५ चे व्याकरण त्याच वर्षांत तयार झाले, हे ठाऊक झाल्यापासून त्या पुस्तकाकडे आम्हांस पूर्वीसारखे पाहता येत नाही.

२८ डिसेंबर १८०० हा श्रीरामपूरच्या मिशनचा सणाचा दिवस. त्या दिवशी कृष्ण पाल नावाच्या सुताराला पहिला बाप्तिस्मा मिळाला. त्याच्याबरोबर केरीच्या फीलिक्सलाही. सात वर्षांच्या वांझ श्रमांना फळ आले. या आनंदाने टॉमसचे डोके फिरले. ज्या टॉमसने डोरोथीला धाक घालून आणले, तोच त्या दिवशी एका बाजूच्या घरात वेडाच्या भरात ओरडत होता, दुसऱ्या बाजूला डोरोथी आपल्या खोलीत ओरडत होती, आणि या दोन आवाजांच्या मधून नदीच्या काठी बंगाली स्तोत्र म्हटले जात होते. एखाद्या नाटककाराने हा प्रवेश लिहिला असता तर आम्ही त्याला अतिरेकी म्हणून हसलो असतो. पण ही हकीकत मिशनच्या मित्रांनीच लिहून ठेवलेली आहे. त्याच सुताराच्या दारात, तो परक्यांच्या पंक्तीस जेवला म्हणून, चारच दिवसांत मोठा जमाव जमला होता. म्हणजे त्या घरातही त्या आठवड्यात कोणी सुखाने झोपले नसावे.

८ डिसेंबर १८०७ रोजी डोरोथी मरण पावली. १८०८ च्या मे महिन्यात, म्हणजे पाच महिन्यांनी, केरीने शार्लट रुमोर या सुशिक्षित व भाविक बाईशी विवाह केला. येथे चरित्रकारांचा सुटकेचा निःश्वास पानापानांतून ऐकू येतो.

आता आमचा मुख्य आक्षेप. डोरोथीला वेड लागले याबद्दल आम्ही मिशनवर खटला भरीत नाही. वेड हा रोग आहे. तिला तो इंग्लंडात राहूनही जडला नसता असे कोण शपथेवर सांगेल? आमचा खटला चरित्रकारांवर आहे. १८८५ साली जॉर्ज स्मिथने लिहिलेले चरित्र घ्या, की त्यानंतरची कित्येक लहानमोठी पुस्तके घ्या. डोरोथी ही नवऱ्याच्या योग्यतेची नव्हती, त्याचे ध्येय तिला कधी उमगलेच नाही, असा सूर ठिकठिकाणी लागतो. तिच्या दोन नकारांना हटवादीपणाचे रूप मिळते, आणि तिचे वेड हे नवऱ्याच्या सहनशीलतेची कसोटी म्हणून उपयोगी पडते. तिचे दुःख तिच्या खात्यावर जमा न होता केरीच्या पुण्याईच्या खात्यावर जमा होते. ज्याला मराठीत हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात ते हेच. डोरोथीचीच बाजू मांडणारे पुस्तक जेम्स बेक याने लिहिले ते १९९२ साली, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर १८५ वर्षांनी!

तिच्या शेजारी हॅरिएट न्यूएल हिला उभी करून पाहा, म्हणजे आमचे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. ही अमेरिकन मुलगी नवऱ्याबरोबर १८१२ साली आनंदाने, स्वतःच्या इच्छेने निघाली. कलकत्त्याहून कंपनी सरकारने हाकलले; समुद्रावर मूल जन्मले व गेले; मॉरिशस बेटावर तिने देह ठेवला, तेव्हा ती १९ वर्षांची होती. तिचा नवरा सॅम्युएल न्यूएल पुढे मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये आला व १८२१ साली पटकीने वारला. हॅरिएटच्या रोजनिशीचे व पत्रांचे पुस्तक निघाले, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या खपल्या, आणि ते वाचून कितीतरी तरुण मुलींनी मिशनकार्याचा ध्यास घेतला. एक ‘हो’ म्हणून मेली, ती हुतात्मा झाली. दुसरी ‘नाही’ म्हणून आली व चौदा वर्षे जगली, ती कलंक झाली. हॅरिएटने एकाही माणसाला धर्म सांगितला नाही, कारण तिला तेवढे आयुष्यच मिळाले नाही. तेव्हा हा भेद कार्यामुळे पडलेला नव्हे. तो एवढ्यामुळेच पडला, की एकीचे दुःख छापण्याजोगे होते व दुसरीचे नव्हते.

छापण्याजोगे दुःख! वर्गणीवर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेला, मग ती कोणत्याही धर्माची असो, या प्रकारचे दुःख लागते. मनुष्य भुकेने मेला तर ते छापता येते, पटकीने मेला तर छापता येते, वाघाने खाल्ला तर उत्तमच. पण तो खिन्न झाला, त्याला देव दिसेनासा झाला, बायकोचा चेहरा पाहून त्याला आपल्याच हेतूची शंका आली, तर वर्गणीदारांस ते कसे कळवावयाचे? त्याच १८१२ साली कलकत्त्यास येऊन पुढे ब्रह्मदेशात गेलेला अडोनायराम जडसन याने १८२६ साली पत्नी व सहा महिन्यांनी तान्ही मुलगी गमावली. त्यानंतर तो रानात झोपडी बांधून राहिला, स्वतःसाठी थडगे खणून त्याच्या काठाशी बसू लागला. जडसनचे नाव घेणाऱ्या उत्सवी भाषणांत बायबलाच्या ब्रह्मी भाषांतराची गोष्ट असते. थडग्याच्या काठी बसलेल्या मनुष्याची क्वचितच.

इतक्या जुन्या काळात जावयास नको. मदर तेरेसा १९९७ साली वारल्या. त्यांनी आपल्या धर्मगुरूंना लिहिलेली पत्रे २००७ साली पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा जगाला कळले की कलकत्त्याच्या रस्त्यांवरचे काम सुरू केल्यापासून जवळजवळ अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे पन्नास वर्षे, या बाईंना अंतःकरणात देवाचा स्पर्श जाणवत नव्हता. ती पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. पत्रे निघताच वर्तमानपत्रांत केवढा गदारोळ! नास्तिकांना वाटले की आपण जिंकलो, आस्तिकांनी घाईघाईने जुन्या संतांचे दाखले काढले. आम्हांस मात्र दोघांचेही आश्चर्य वाटले. मरणाऱ्या माणसांच्या उशाशी जी बाई रोज बसते तिला अंधार दिसला, यात धक्का बसण्यासारखे काय आहे? धक्का याचा बसावा, की पन्नास वर्षे तिला तो हसऱ्या चेहऱ्याखाली झाकावा लागला. तरीही येथे एक भेद आहे व तो आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मदर तेरेसा यांनी सोसले ते स्वतःचे सोसले. तो अंधार त्यांनी दुसऱ्या कोणाच्या खोलीत कोंडून ठेवला नाही.

यावर आम्हांस काय उत्तर मिळणार हे आम्ही जाणतो. ‘मोठी कार्ये अशीच होतात. घरच्यांच्या सुखदुःखाचा विचार करीत बसले असते तर सतीची चाल कोणी बंद केली असती, व्याकरणे कोणी लिहिली असती?’ हा युक्तिवाद दिसतो तितका बळकट नाही. डोरोथी इंग्लंडात मुलांसह राहिली असती आणि केरी एकटा आला असता, तर व्याकरणाचे एक पानही कमी झाले नसते. पाच वर्षांचा एक मुलगा कदाचित वाचला असता. ‘तो काळच तसा होता’ हेही उत्तर आम्हांस पुरे वाटत नाही. तो काळ तसा होता म्हणावे, तर त्याच काळात राहणाऱ्या डोरोथीला ‘नाही’ म्हणणे सुचले होते. अलीकडे अनेक मिशन-संस्था पतिपत्नी दोघांचीही इच्छा व प्रकृती पाहूनच त्यांना परदेशी पाठवितात. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण जुन्या पुस्तकांतले शेरे तसेच छापले जात असता ती अर्धवटच राहते.

येथवर वाचून आमच्या काही स्वधर्माभिमानी मित्रांना गुदगुल्या होत असतील. ‘पाहा, मिशनऱ्यांची घरे आतून कशी होती!’ असे म्हणून ते डोरोथीच्या नावाची काठी करतील. त्यांनी ती काठी उचलण्यापूर्वी क्षणभर देहूकडे पाहावे. तुकोबांच्या आवलीचे आम्ही काय केले? दुष्काळात थोरली सवत उपासमारीने गेलेली, दुकान बुडालेले, घरातले दाणे नवरा वाटून टाकतो, मुले भुकेली. अशा घरात चूल पेटविणाऱ्या आणि भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढणाऱ्या बाईला आमच्या कीर्तनकारांनी दोनशे वर्षे कजाग म्हणून हास्यरसासाठी उभी केली आहे. श्रोते पोट धरून हसतात. त्यांत बायकाही असतात. महिपतीपासून चालत आलेले हे चित्र आणि केरीच्या चरित्रकारांचे चित्र यांत धर्माचा भेद सोडला तर दुसरा कोणता भेद आहे? साधूचे वैराग्य उजळ दिसावे म्हणून बायकोचा चेहरा काळा रंगवावयाचा, ही कला आम्हांस कोणा मिशनऱ्याने शिकविलेली नाही.

आणि मिशनचा हा प्रश्न बायकोच्या बाजूने कसा दिसतो, हे सांगणारे एक पुस्तक मराठीतच आहे. नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंना कोणी विचारले नव्हते. बातमी आली तेव्हा त्यांच्यावर काय कोसळले, पुढची चारपाच वर्षे लहान मुलाला घेऊन त्यांनी नातेवाइकांच्या घरी कशी काढली, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतः लिहिले आहे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या बुद्धीने, नवऱ्याच्या धाकाने नव्हे. लग्नानंतर नवऱ्याच्या धरसोडीच्या शिकवणीतून जेमतेम अक्षरओळख झालेल्या या बाईंच्या पुस्तकात टिळक थोर आहेत, लहरी आहेत, हट्टी आहेत, प्रेमळ आहेत; संत आहेत की नाहीत हा प्रश्न बाईंनी वाचकांवर सोडला आहे. टिळकांची थोरवी त्यामुळे तिळभरही उणी झाली नाही. डोरोथीला फुलीपलीकडे लिहिता आले असते तर केरीची झाली असती असे आम्हांस वाटत नाही.

म्हणून आमची एक लहानशी मागणी आहे, व ती मिशनांकडे नसून आमच्याच मराठी पंडितांकडे आहे. मराठी वाङ्मयाच्या व व्याकरणाच्या इतिहासात १८०५ च्या नोंदीपाशी केरीचे नाव येते, छापखान्याचे येते, क्वचित वैजनाथ पंडिताचेही येते. यापुढे निघणाऱ्या आवृत्त्यांत त्या नोंदीखाली एक वाक्य वाढवावे. जागा फार लागणार नाही, मसुदा आम्हीच देऊन ठेवतो: ‘हे पुस्तक तयार होत असता ग्रंथकाराची पत्नी डोरोथी ही श्रीरामपुरात त्याच घरी एका खोलीत बंद होती, हिंदुस्थानात येण्यास तिने दोनदा नकार दिला होता.’